माळेखालचा पट्टा

"ही मुलगी फुलं घेऊन निघालेली नाही," मी बॉसला म्हणाले. "तिचं अंग बघा."

जर्मनीत, ड्युसेलडॉर्फच्या एका वर्कशॉपमध्ये मी जुन्या टाइल्स दुरुस्त करायची. २००५च्या सुमाराची गोष्ट. टेबलावर बारा डच टाइल्स जोडून केलेलं निळं-पांढरं चित्र होतं. कालव्यात होडी, काठाने चाललेली हसरी खेडूत मुलगी, छातीवर आडवी फुलांची माळ. पण मुलगी कमरेतून पुढे वाकलेली, टाचा उचललेल्या. माझी आई रस्त्याच्या कामावर खडी वाहायची. फुलं नेणारं माणूस असं चालत नाही.

यूव्ही लॅम्प लावला. भट्टीत भाजलेला रंग काचेसारखा पक्का असतो. नंतर वरून लावलेला रंग या प्रकाशात वेगळा चमकतो. माळ चमकली. हसूही चमकलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," बॉस फ्राऊ केलर म्हणाल्या. "नंतरचं काम आहे. काढून टाका."

ऑर्डरवरही तेच होतं: जुनी रंगरंगोटी काढणे. खाली मालकाची सही.

दोन दिवस अ‍ॅसिटोनचे बोळे फिरवले. माळेखालून चामड्याचा पट्टा निघाला. पट्ट्याला दोरी, दोरीला मालाने भरलेली होडी. मुलगी ती होडी ओढत होती. दम लागून तोंड उघडं पडलेलं. मूळ चित्रकाराने बघितलं तसं काढलं होतं. पुढे कुणीतरी दोरी पांढऱ्या रंगाखाली दडवली आणि तिला हसायला लावलं.

मालक हेर ब्रांट आले आणि लालबुंद झाले.

"माझ्या आजीच्या किचनमध्ये ही हसत होती! तुम्ही चित्र बिघडवलंत."

"बिघडवलेलं होतं. मी ते काढलं."

"कॉफी पिताना हे कोण बघणार? माळ परत रंगवा."

"मी नाही रंगवणार." माझा आवाज चढला. मी चढू दिला. "तिचे कष्ट तुम्हाला नकोत, ती मात्र भिंतीवर हवी?"

फ्राऊ केलरनी मला बाजूला घेतलं. "टाइल्स त्यांच्या आहेत. आणि वरचा रंग पुन्हा निघतो."

"हो. आणि पुन्हा लागतोही," मी म्हणाले.

त्यांनी स्वतः एका दुपारी माळ रंगवली. हसूही. मी पाठ फिरवून बसले, संताप गिळत. रिपोर्टला मात्र पट्ट्याचा, दोरीचा फोटो जोडला. फ्राऊ केलरनी तो काढायला लावला नाही. हेर ब्रांटनी रिपोर्ट न उघडताच सही केली.

तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरवर मी एक ओळ घालते: खाली जे निघेल, त्याची तक्रार मूळ चित्रकाराकडे करावी.