फक्कीतलं स्वयंपाकघर

असलम मिस्त्रीनं माझ्या धंद्याचं जेवढं नुकसान केलं, तेवढं गोदामात शिरलेल्या पाण्यानंही कधी केलं नाही. मी रतिलाल. जळगावात मेहरूण तळ्याच्या रस्त्यावर माझं सिमेंट-सळईचं दुकान आहे. गिऱ्हाईक सहाशे गोण्यांचा अंदाज घेऊन यायचं, असलमला भेटायचं आणि साडेचारशेवर यायचं. वर हा बाबा माझ्याच बाकावर बसून माझाच चहा प्यायचा. काय बोलणार?

त्याची एक रीत होती. पाया खणण्याआधी सगळेच मिस्त्री जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं रेघा मारतात. असलम त्या रेघांच्या घरात मालकाला एक दिवस राहायला लावायचा. खाट आणा, स्टोव्ह आणा, पाण्याचा हंडा आणा. घरच्या बाईनं तिथं चहा करायचा आणि म्हाताऱ्यानं दुपारी आडवं व्हायचं. कोणी रेघ ओलांडली की हा ओरडायचा, "भिंतीतून कुठं चाललात? दारातून या!" लोक हसायचे. संध्याकाळपर्यंत मात्र खोली कुठं अडते, दार कुठं हवं, कोणती भिंत फुकटची आहे, हे त्यांचं त्यांनाच समजायचं. "फक्की पुसायला पाय पुरतो," असलम म्हणायचा. "भिंत उभी राहिली की पाडायचेही पैसे आणि बांधायचेही पैसे."

आणि या शहाण्याच्या स्वतःच्या घराला स्वयंपाकघर नव्हतं.

अठरा वर्षांपूर्वी त्यानं तळ्यामागं घर बांधलं, तेव्हा शेहजाद आणि साकिब ही पोरं शाळेत होती. एकेकाला एकेक मजला म्हणून त्यानं तीन मजल्यांचा पाया भरला. नाकापेक्षा मोती जड! सगळी कमाई जमिनीखाली गेली आणि वर आल्या दोन खोल्या, त्याही बिनगिलाव्याच्या. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सळया उभ्या सोडल्या आणि त्यांच्या टोकांवर उलट्या बाटल्या घातल्या. त्याची बायको कनीजभाभी मागच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्याखाली, जमिनीवर बसून स्वयंपाक करायची. जळगावचा मे महिना आणि वर पत्रा, म्हणजे काय ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. तिनं एक ओटा मागितला होता. उभं राहून भाकरी थापायला, बस. दर ईदला असलम म्हणायचा, पुढच्या वर्षी. एकदा मी तोंडावर म्हटलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." त्यानं चहा संपवला आणि निघून गेला.

मागच्या एप्रिलात हिलालआबा आले. मूळचे सोनगीरचे. इथल्या पाइपाच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. फंडाचे पैसे हातात आणि पुण्याहून मुलानं, अमृतनं, मोबाइलवर पाठवलेला नकाशा. त्यात स्वयंपाकघर एका टोकाला, मोरी दुसऱ्या टोकाला आणि बाहेरची भिंत दहा ठिकाणी वाकलेली. दिसायला झकास.

असलमनं फक्की मारली. आबांच्या पत्नी भागाबाई हंडा घेऊन दोन फेऱ्या चालल्या आणि मध्येच थांबल्या. "माले घडी घडी तठे जावानं का? मना गुडघा दुखस."

"बघा आबा, अक्कांनी सांगितलं," असलम म्हणाला. त्यानं पायानं रेघ पुसली, मोरी स्वयंपाकघराच्या पाठीला आणली, म्हणजे दोन्हींना एकच नळ. भिंत सरळ केली. आबांनी सगळं मान्य केलं, पण पायावर अडून बसले. पाया तीन मजल्यांचाच. अमृत आज ना उद्या येईल, त्याला वर जागा नको?

एरवी असलमनं भांडण मांडलं असतं. त्या दिवशी तो उकिडवा बसून राहिला. मग मला म्हणाला, "रतिलालभाऊ, गाडी काढा. यांना माझं घर दाखवायचंय."

मी आधी त्यांना गच्चीवर नेलं. गंजलेल्या सळया, तडकलेल्या बाटल्या. आबा म्हणाले, "सळया तर मजबूत शेत." म्हटलं, झालं! यांना सळया मजबूत दिसल्या, म्हणजे असलमचा बेत फसला. माझी ऑर्डर शाबूत राहिली, म्हणून मला आतून बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

खाली कनीजभाभीनं चहा केला. आम्ही पत्र्याखाली बसलो. भागाबाईंनी पदरानं घाम पुसला, वर पाहिलं आणि विचारलं, "बहीन, आठे कितला वरीस व्हयनात?"

असलमनं तोंड उघडलं, पण भाभीच आधी बोलली. "अठरा. वरचे मजले मुलांचे होते ना, म्हणून खालचं माझं राहिलं." आवाज चढलेला नव्हता. बोलता बोलता ती चहा गाळत होती.

"मुलं कुठं असतात?" आबांनी विचारलं.

"सुरतला. दोघांनी तिकडंच घरं घेतली."

आबांनी बशी खाली ठेवली. बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "मिस्त्री, एकाच मजल्याचा पाया घ्या." माझी निम्मी सळई गेली.

चार दिवसांनी तो सळई कापायचं मशीन मागायला आला. दुपारभर त्याच्या गच्चीवरून कर्कश आवाज येत होता. त्यानं एकेक सळई मुळापासून उडवली. शेहजादचा फोन आला, "अब्बा, मग आम्ही कुठं राहायचं?" असलम म्हणाला, "पाहुणे म्हणून या. तुमच्या अम्मीच्या स्वयंपाकघरात जेवा."

शुक्रवारी नमाजनंतर त्यानं मागच्या अंगणात फक्की मारली. मी होतो, भागाबाई आल्या होत्या. दोघी बायकांचं चांगलंच जमलं होतं. खिडकीची रेघ, दाराची जागा, भिंतीलगत ओट्याची लांब रेघ. मग शंभर घरांत शंभर बायकांना विचारलेला प्रश्न त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बायकोला विचारला. "ओटा इथं ठीक आहे?"

कनीजभाभी दाराच्या जागेतून आत आली. रेघ तिनं ओलांडली नाही. ओट्यापाशी मिनिटभर उभी राहिली आणि मग भागाबाईंच्या खांद्याला धरून खाली बसली.

"ओटा नको," ती म्हणाली. "आता उभं राहवत नाही मला."

मला फार वाईट वाटलं. असलमनं चप्पल काढली आणि ओट्याची रेघ पायानं पुसायला लागला. फक्कीची तर रेघ, पण ती पुसायला त्याला फार वेळ लागला.