नारळ उभा राहिला ती जागा

रुपाली नकाशे रंगवते. सदाशिव पेठेत, एका जिन्यावरच्या लहानशा संस्थेत. जमिनीवर घाण सांडली तर ती खालच्या पाण्यापर्यंत किती लवकर पोचेल, हे त्या नकाशांवर दिसतं. लाल म्हणजे लवकर. हिरवं म्हणजे उशिरा. माती, खडक, पाण्याची खोली, असं सगळं बघून रंग ठरतो.

तिचं गाव खडकवासल्याच्या वाटेवर. आता ते शहरातच धरतात. वडिलांनी, गेनबांनी, शेत होतं तिथे भाड्याच्या खोल्या बांधल्या. राहणारे बहुतेक विदर्भातले, कारखान्यांत जाणारे. धरण हाकेच्या अंतरावर आणि गल्लीत टँकर. म्हणून बोअर मारायचं ठरलं.

जमिनीत पाणी कुठे आहे ते सांगणारा पाणाडी आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून आवारभर फिरला. खोल्यांच्या मागे, संडासाच्या टाकीच्या अगदी शेजारी, नारळ उभा राहिला. म्हणजे पाणी तिथेच. गेनबांनी लेकीला मोबाइलवर नकाशा उघडायला लावला. तिथे हिरवं होतं.

"बघा! नारळ आन् माझी पोरगी, दोघांचं एकच म्हणणं हाय."

"आप्पा, हिरवं म्हणजे पाणी चांगलं असं नसतं. आणि टाकी बघा किती जवळ आहे. इथे नका घेऊ."

"नारळापरीस शाणी झाली व्हय तू?"

विश्वजीत, तिचा थोरला भाऊ, हसत म्हणाला, "मॅडम, नकाशा तुमचाच ना? का रंग उडाला?"

सगळे हसले. तीही हसली.

बोअर झालं. वरची घाण आत झिरपू नये म्हणून बोअरमध्ये घालायचा पाइप विश्वजीतने आखूड घेतला. खाली कातळच आहे, म्हणाला. पूजा झाली. पहिला तांब्या गेनबांनी आपल्या हाताने सुनेला, विश्वजीतच्या बायकोला दिला. संस्कृतीला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. तिने घोट घेतला. "गोड आहे," म्हणाली.

सातव्या महिन्यात तिला कावीळ झाली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? गरोदर बाईला ही कावीळ झेपत नाही, म्हणाले. ती गेली. पोटातलंही गेलं.

तेराव्याची भांडी बोअरच्याच पाण्याने घासली.

दुसऱ्या दिवशी भाग्यश्री बोअरच्या नळावर कळशी भरत होती. कोपऱ्यातल्या खोलीतली, वर्ध्याकडची. तिलाही पाचवा लागला होता.

"हे पिऊ नकोस," रुपाली म्हणाली.

"मंग काय पिऊ, ताई? टँकर रोज येते काय?"

रुपाली वडिलांकडे गेली. मोटर बंद करा, म्हणाली.

"पाण्याला नावं ठिवू नगंस. हिरवं हाय ते. तूच दावलं." गेनबांच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. पाण्याचा दोष मानला, तर तो पहिला तांब्या कुणी दिला, हे आलं.

तिने पुन्हा समजावलं नाही. संस्थेतून रंग आणला. पाणी कुठून कुठे जातं याचा माग काढायला तो वापरतात. खोल्याखोल्यांत सांगून आली, मी सांगेपर्यंत कुणी नळाचं पिऊ नका. मग संडासात रंग ओतला आणि पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी गेनबा संस्कृतीच्या फोटोपुढे ठेवायला पाणी भरत होते. रोज ठेवत. तांब्यात पिवळट हिरवं पाणी आलं. त्यांनी ते ओतून टाकलं. पुन्हा भरलं. पुन्हा तसंच.

लेक दारात उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आत जाऊन मोटर बंद केली. स्टार्टरची वायर उपटून काढली. मग पायरीवर येऊन बसले.

"आता तरी नकाशात लाल करशील न्हवं?"

"नाही होत, आप्पा. त्यातल्या एका चौकोनात आपली सगळी आळी बसते. एवढी जागा त्यात दिसत नाही."

"मंग हिरवंच ऱ्हायचं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. कळलं, अशी. तांब्या हातातच होता. गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. भाग्यश्री कळशी घेऊन निघाली. गेनबा उठले आणि तिच्या मागोमाग, रांगेत जाऊन उभे राहिले.