संध्याची कुलूपबंद सीडी

परवा बरणीवर नाव घालायला मार्कर उघडला, आणि त्या उग्र वासासरशी मला अमडापूरचं माझं कॉम्प्युटरचं दुकान आठवलं. अंगणवाडीत काम करणारी माझी मैत्रीण संध्या कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन आली होती.

“याची सीडी करून दे वं. अन् तिले कुलूप लाव.”

“सीडी झाल्यावर लागत नाही, आधी फाइलींनाच पासवर्ड द्यावा लागतो,” असं सांगत मी कार्ड उघडलं. फोटोत संध्याची पाठ होती. मानेपासून कमरेपर्यंत काळेनिळे वळ.

“बहिणीनं काढले,” ती म्हणाली. “वकिलाले द्याचे हायेत. नवऱ्याच्या हाती लागली तं तो खोलून पाहीन, म्हणून कुलूप.”

मी पासवर्ड लावला, सीडी केली आणि वर मार्करनं ‘बालगीते’ लिहिलं.

पुढे बुलढाण्याच्या कोर्टात ती सीडी उघडली आणि संध्या त्या नवऱ्यापासून सुटली. त्या दिवशी दुकानात ते वळ पाहून मी हादरले होते. आता आठवतं ते वेगळंच. रोज गप्पा मारताना हसता हसता मी तिच्या त्याच पाठीवर थाप मारायचे, आणि तीही हसायची.