नदीपरिषदेच्या चार तिकिटांवरचा शिक्का

सिरोंच्याच्या डाकघरात मी कारकून म्हणून रुजू झाले, त्या सकाळी पोस्टमास्तर तुळशीरामभाऊ उंदीरवाडे यांनी माझ्या हातात तारखेचा शिक्का दिला आणि म्हणाले, "बाई, तिकीट दिसलं का ठोकायचा. इचार नाई करायचा." आमची ओळख झाली ती अशी. महिनाभरात माझा हात आपोआप चालू लागला.

भाऊंचे वडील प्राणहितेवर नाव चालवीत. त्यामुळे भाऊंनी जगभरातली होड्या-जहाजांची तिकिटे जमवली. नदी-वाहतुकीवरच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेनिमित्त निघालेल्या चार तिकिटांचा कोरा, म्हणजे शिक्का न लागलेला, संच मात्र पुरा होत नव्हता. चौथे तिकीट मिळायला अकरा वर्षे लागली. ते आले त्या दिवशी भाऊंनी चारही तिकिटे एका कार्डावर लावून कौतुकाने माझ्या टेबलावर ठेवली आणि फोन घ्यायला आत गेले. हा संच ते ज्यात मांडणार होते, त्या नागपूरच्या तिकीट-प्रदर्शनाला आठवडा उरला होता.

मी खिडकीतल्या गिऱ्हाइकाशी बोलत टपाल उरकत होते. चौथ्या तिकिटावर सिरोंच्याची तारीख उमटली, तेव्हा कुठे मी खाली पाहिले.

भाऊ बाहेर आले आणि कार्ड उजेडाला धरून एकेक शिक्का पाहू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. अखेर म्हणाले, "रडून काऊन राह्यली? म्याच शिकवलं ना तुले."

ती तिकिटे शिक्क्यासकट प्रदर्शनात लागली. बक्षीस अर्थातच हुकले. विचारणाऱ्या प्रत्येकाला भाऊंनी सांगितले, की हात आपलाच चुकला. तेव्हापासून आपल्या तिकीट-संग्राहक मंडळात कुणी नवे तिकीट काढले, की "भाऊंपासून लांब ठेवा" म्हणून आपण हसतो. मीही हसले आहे, त्याची मला लाज वाटते. एकदा मी खरे सांगायला निघाले, तर भाऊंनी अडवले. "चूप राय. माही नोकरी सरून राह्यली, तुही आता सुरू झाली. नव्या पोरीले लोक सोडत नाई."

मंडळी, तो हात माझा होता. भाऊंचा शब्द मोडून हे इथे, मंडळाच्या या गौरव अंकात, लिहिते आहे. पंच्याहत्तरी गाठलेल्या भाऊंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्या दिवशी गिळलेला राग त्यांनी आता तरी माझ्यावर काढावा. तो ऐकायला मी वर्षानुवर्षे त्यांच्या दारी येत राहीन.