तळटीप सर आणि निनावी लेख

तळटीप सर नवं पुस्तक नेहमी मागून उघडत. त्यांच्या धंद्यात, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा शिकवणाऱ्यांच्या धंद्यात, हे सगळेच करतात. कबूल मात्र कुणी करत नाही. मागे नावांची सूची असते. तीत आपलं नाव सापडलं की लेखक विद्वान, नाही सापडलं की पुस्तक उथळ. या एका कसोटीवर सरांनी अर्धं ग्रंथालय निकालात काढलं होतं.

तळटीप हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी दिलेलं. वर्गात एक साधं वाक्य बोलायचं आणि मग त्याला अपवाद, अपवादाचा अपवाद, एखादा जुना खटला अशी शेपटं जोडत बसायचं, त्यावरून. सरांच्या कानावर ते आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडलंही होतं.

एकच प्रश्न उराशी धरून त्यांनी सगळं आयुष्य काढलं. जहाज निघालंय, माल भर समुद्रात आहे, आणि मालकानं तो वाटेतच तिसऱ्याला विकून टाकला. पलीकडच्या बंदरात कंटेनर उघडला तर आत सगळं कुजलेलं. आता नुकसान कुणी सोसायचं? माल विक्रीच्या आधी कुजला की नंतर, हे बंद पेटीतलं कोण सांगणार? सरांचे वडील बंदरावरच्या गोदामात कारकून होते, त्यामुळे कुजलेल्या मालाचा वास काय असतो हे सरांना पुस्तकं हातात यायच्या आधीपासून माहीत होतं. या प्रश्नावर त्यांनी लेख लिहिले, पाठ्यपुस्तक लिहिलं, पोरांना पास केलं, नापास केलं. निवृत्ती तोंडावर आली तरी प्रश्न काही त्यांना सोडेना.

आणि सोडेना तो बॅगवाला.

बॅगवाला म्हणजे त्यांचा वर्गमित्र. दोघं एकाच म्हाताऱ्या गुरुजींच्या हाताखाली शिकले, वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिले, एकमेकांचे शर्ट घालून परीक्षांना गेले. पुढे सर कॉलेजात चिकटले. बॅगवाला परदेशी गेला, मोठमोठ्या कंपन्यांच्या भांडणांत लवाद म्हणून बसू लागला, आणि त्याच्या हातात चाकांची ती बॅग कायमची आली. तो कुठूनही कुठेही जाताना वाटेतून सरांच्या घरी फोन करी आणि सरांशी दोन मिनिटं, तर वहिनींशी वीस मिनिटं बोले. सरांची बायको हसून हसून बेजार व्हायची. आत सरांचा मात्र तिळपापड होत असे.

"एवढं काय हसण्यासारखं बोलतो तो?" सर विचारत.

"तुम्ही काय बोलत नाही ते," बायको म्हणे आणि चहा टाकायला जाई.

वाटेत विकलेल्या मालावर बॅगवाल्यानंही एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. सरांनी ते मागून उघडलं. सूचीत नाव नाही! पुन्हा पाहिलं, आडनावाच्या दुसऱ्या अक्षरापर्यंत बोट फिरवलं. नाही म्हणजे नाही. त्या दिवशी सर जेवले नाहीत. तेव्हापासून त्यांनीही खूणगाठ बांधली की या माणसाचं नाव आपल्या एकाही तळटिपेत येऊ द्यायचं नाही. एकाच विषयावर लिहिताना त्यातल्या सगळ्यात मोठ्या पुस्तकाला वळसा घालून जाणं सोपं नसतं. सरांनी ते वर्षानुवर्षं केलं. तेवढी मेहनत दुसऱ्या कशावर घेतली असती तर आज दोन पुस्तकं जास्त झाली असती, पण हे त्यांना कोण सांगणार? बायकोनं एकदा सांगून पाहिलं होतं.

तर अशा या सरांकडे एका नावाजलेल्या नियतकालिकाच्या संपादकबाईंनी एक लेख अभिप्रायासाठी पाठवला. अशा लेखावर लेखकाचं नाव नसतं. दोन जाणकार तो आपापल्या जागी वाचतात, बरावाईट अभिप्राय लिहितात, आणि त्या अभिप्रायावरही त्यांचं नाव नसतं. नियम एकच: लेखक कोण हे ओळखू आलं तर लेख न वाचता परत करायचा.

विषय पाहिला आणि सरांनी कान टवकारले. वाटेत विकलेला माल! कॉलेजातल्या आपल्या खोलीचं दार त्यांनी लावून घेतलं, पंखा चालू केला, आणि लेख अर्थातच मागून उघडला. संदर्भ वाचत गेले. याचं नाव आहे, त्याचं आहे, ज्यांना या विषयातलं ओ की ठो कळत नाही त्यांचंसुद्धा आहे. आपलं नाव नाही. एकदाही नाही. या प्रश्नावर लिहिताना आपल्याला इतक्या सफाईनं टाळणारा माणूस जगात एकच होता.

मग त्यांनी लेख वाचला, आणि तो चांगला होता. हेच तर दुखणं होतं. त्यात म्हटलं होतं की माल कधी कुजला हे शोधत बसू नका. जोखीम मालामागे नाही, विम्याच्या कागदामागे चालते. विमा ज्याच्या हातात आला, पहिल्या दिवसापासूनचं नुकसान त्याचं. इतकं सरळ. सर गेली कित्येक वर्षं याच दाराशी येऊन उभे होते आणि कडी काढायचं काही त्यांना सुचलं नव्हतं. याला विमानं दिली, हॉटेलं दिली, माझ्या घरातलं हसू दिलं, आता हेही यालाच?

लेख परत करायला हवा होता. नियम त्यांना पाठ होता. नव्या प्राध्यापकांना तो तेच समजावून सांगत. पण त्यांनी बाह्या सारल्या आणि लिहायला घेतलं. "लेखकानं गोदाम बाहेरूनही पाहिलेलं दिसत नाही." "युक्तिवाद चकचकीत आहे, प्रवासी बॅगेसारखा. आत काय आहे ते उघडू नये." "या विषयातल्या मूलभूत लेखनाची लेखकाला गंधवार्ता नाही." हे मूलभूत लेखन कुणाचं, ते सांगायला नकोच. शेवटी त्यांनी लेख नाकारावा अशी शिफारस केली, अभिप्राय पाठवून दिला, आणि घरी जाऊन इतक्या प्रसन्नपणे जेवले की बायकोनं विचारलं, "आज कुणाचं वाईट झालं?"

काही आठवड्यांनी त्यांच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. चिमणी आली होती. हे नाव सरांच्या बायकोनं ठेवलेलं. पोरगी अंगानं तेवढीच. ती सरांकडे पीएच.डी. करत होती तेव्हा निम्मं जेवण सरांच्याच घरी असे. तिचा विषय बँकांच्या हमीपत्रांचा. आता ती गावातल्याच दुसऱ्या कॉलेजात हंगामी शिकवत होती, आणि तिला कायम करायचं की नाही ते गुरुवारी तिथली समिती ठरवणार होती. एक लेख चांगल्या ठिकाणी घेतला गेला असता तर तिचं काम झालं असतं. नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार, हे तिला स्पष्ट सांगण्यात आलं होतं.

"नाकारला, सर," ती खुर्चीवर बसत म्हणाली. रडून झालेलं दिसत होतं. "तुम्हाला छापून आल्यावरच दाखवणार होते. तुमच्या विषयावर लिहिलं होतं, पहिल्यांदाच."

सरांचा हात टेबलावरच्या पेल्याकडे गेला तो तिथेच राहिला.

"माझ्या विषयावर?"

"वाटेत विकलेल्या मालावर. लेखक ओळखू येऊ नये असा त्यांचा नियम आहे ना? तुमचं नाव पानापानावर होतं, सर. कुणीही ओळखलं असतं की ही तुमची विद्यार्थिनी. म्हणून तुमचे सगळे संदर्भ मी काढून टाकले. लेख घेतल्यावर परत घालता येतात म्हणे. काढताना इतकं विचित्र वाटलं, माहितीये? स्वतःच्या घराची पाटी काढल्यासारखं."



तिनं पिशवीतून दोन कागद काढून त्यांच्यासमोर ठेवले. "एकानं पार धुऊन काढलंय. कोण आहे कोण जाणे, कसला एवढा राग! पण हे दुसरं बघा." तिचा चेहरा जरा उजळला. "हे तुमचंच ना? तुम्ही सांगणार नाही, ठाऊक आहे मला. पण मी ओळखलं."

सरांनी दुसरा अभिप्राय हातात घेतला. आधी लेखातलं काय आवडलं ते सांगितलं होतं. मग कुठे पाय घसरतोय ते, आणि मग तो कसा रोवायचा तेही, शाळकरी मुलाचा हात धरून रस्ता ओलांडून द्यावा तसं. मध्येच एक वाक्य होतं: माल कुठे आहे ते विचारू नका, कागद कुणाच्या हातात आहे ते विचारा.

"हे तुम्ही पहिल्याच तासाला म्हणायचात," चिमणी म्हणाली. "त्यावरूनच तर ओळखलं."

ते म्हणत असत खरे. पण वाक्य गुरुजींचं होतं, आणि गुरुजींकडून ते घेतलेली दोनच माणसं आता जिवंत होती. सरांनी अभिप्राय पुन्हा वाचला. त्यांना त्याचाही हेवा वाटला. हा असाही लिहू शकतो, कुणी बघत नसताना! आणि समोर बसलेली ही पोरगी भरल्या डोळ्यांनी त्यांचे आभार मानत होती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. बॅगवाल्याची एक तरी चीज आयुष्यात त्यांच्या पदरात पडली असती.

"ते माझं नाही," सर म्हणाले.

चिमणी हसली. "सर..."

"माझं ते पहिलं आहे."

तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिनं तो पहिला कागद उचलला, त्यावरून नजर फिरवली, आणि बॅगेच्या वाक्याशी थांबली. सरांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी टेबलावरचा फोन ओढला आणि तिच्यासमोरच संपादकबाईंना लावला.

"मी माझा अभिप्राय मागे घेतोय."

"आता? कारण काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"लेखक कोण ते मी ओळखलं असं मला वाटलं, आणि तरीही लेख परत केला नाही. ओळखलं तेही चुकीचं."

"मला हे नोंदवावं लागेल, सर. यापुढे तुमच्याकडे लेख पाठवता येणार नाहीत."

"नोंदवा. आणि त्या मुलीचं काय?"

"दुसऱ्या जाणकारांनी आग्रहानं घ्या म्हटलंय. एकमत नव्हतं म्हणून परत केला होता. बुधवारच्या आत तिला पत्र देते."

सरांनी फोन ठेवला. चिमणीनं सगळं ऐकलं होतं. ती रागावेल, काहीतरी टाकून बोलेल, निदान रडेल असं त्यांना वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. तिनं पहिला कागद घडी करून टेबलावर त्यांच्याकडे सरकवला. दुसरा हातात धरून तिनं विचारलं, "मग हे कुणाचं?"

सरांनी नाव सांगितलं. इतक्या वर्षांत स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदाच. मग त्याचा नंबरही सांगितला, न पाहता. तिनं तो तिथेच फिरवला आणि उठून खिडकीपाशी उभी राहिली.

बॅगवाल्याचा आवाज असा की फोन दुसऱ्याच्या कानाला असला तरी खोलीभर ऐकू यावा. मागे कुठल्यातरी विमानतळावरच्या घोषणा चालू होत्या. चिमणीनं आपण कोण ते सांगितलं आणि त्याचे आभार मानले, तसा तो खळखळून हसला.

"अगं, आभार कसले! पहिलं पान वाचलं तेव्हाच म्हटलं, गोदामाचा वास आहे याला. नावं सगळी झाडून काढलीस, पण शिकवणूक कुठे लपवणार? अशी तयारी आमच्यात एकच माणूस करून घेतो. मला तर कधी त्याच्या जवळपासही जाता आलं नाही. खरं म्हणजे परतच करायला हवा होता लेख, पण राहवलं नाही बघ. त्याचीच विद्यार्थिनी ना तू?"

चिमणीनं वळून सरांकडे पाहिलं. सर खुर्चीत बसले होते, हातात तो घडी केलेला कागद.

"होते," ती म्हणाली.