नानांची पिशवी आणि माझी ग्रॅव्हल बाइक

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी शर्यतीची सायकल घेतली, तेव्हा घरात कुणालाही माझ्या गुडघ्यांची काळजी वाटली नाही. सगळ्यांना सायकलीची वाटली.

त्याआधी वर्षभर मी मोबाइलवर नव्या ग्रॅव्हल बाइक्सचे व्हिडिओ बघत होते. (मी बोळिंजच्या एका शाळेत भूगोल शिकवते. मुलांना जितक्या नद्या पाठ नाहीत तितकी मला सायकलींची मॉडेल्स पाठ होती.) ग्रॅव्हल बाइक म्हणजे डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर पळणारी सायकल. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं आणि टायर जाड. जेवताना मी घरच्यांना ताज्या बातम्या द्यायचे. यंदा टायर आणखी रुंद झाले. आता सगळ्या वायरी हँडलच्या पोटातून जातात, बाहेर एकही दिसत नाही. फ्रेमच्या नळीत सामान ठेवायला कप्पा आलाय. गिअर तर बिनवायरचे, बॅटरीवर चालणारे.

"पण ही घ्यायची कशाला?" माझा नवरा गिरीश म्हणाला. "विरारमध्ये सगळीकडे खडीच आहे. इथे साधी सायकल काढली तरी ती ग्रॅव्हल बाइकच होते."

माझे सासरे, नाना, ताटाकडे बघत जेवायचे. नानांचं मनवेलपाड्यात चाळीस वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा दुकान गेलं. तेव्हापासून त्यांची हत्यारं एका खाकी पिशवीत, पिशवी दिवाणाखाली आणि नाना दिवाणावर, टीव्हीसमोर. तीन वर्षांत त्यांनी पान्याला हात लावला नव्हता. गिरीशच्या स्कूटरचा ब्रेक करकरला तरी म्हणायचे, "गॅरेजला दे."

सायकल घरी आली त्या दिवशी मात्र ते उठले. चष्मा लावून तिच्याभोवती दोन चकरा मारल्या.

"स्टँड कुठाय?"

"नसतं नाना हिला."

"घंटी?"

"नाही."

"मडगार्ड?"

"नाही."

"आणि पेडल?"

"ते वेगळे घ्यावे लागतात."

नानांनी चष्मा काढला. "मग आहे काय हिला?"

"वजन नाही," मी अभिमानाने सांगितलं.

नानांनी एका हाताने सायकल उचलून पाहिली, कान लावून चाक फिरवलं आणि अलगद भिंतीला टेकवून ठेवली. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला. तिथे मी गप्प बसायला हवं होतं.

महिन्याभराने आमच्याकडच्या सायकलवाल्यांच्या एका ग्रुपने रविवारी सकाळी शर्यत ठेवली. वाड्यांमधल्या कच्च्या वाटेने निघायचं, मिठागरांच्या बांधावरून वळसा घालून परत यायचं. मी नाव दिलं आणि शाळेच्या स्टाफरूमपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सर्वांना कळवलं. शुक्रवारी नाना हळूच सायकलीपाशी आले आणि त्यांनी अंगठ्याने टायर दाबून पाहिला.

"पंक्चरचं सामान घेतलंस?"

"लागत नाही. टायर ट्यूबलेस आहेत. आत औषध भरलेलं असतं, भोक पडलं की आपोआप बुजतं."

"आणि भोक मोठं असलं तर?"

"मोठं नसतं हो."

"तरी एकदा काढून बघू का? काय भरलंय ते—"

आणि मी म्हणाले, "नाना, राहू दे. हे तुमच्या काळातलं नाहीये."

नाना म्हणाले, "बरं."

इतकंच. मग ते दिवाणावर जाऊन बसले. शनिवारभर ते फक्त "बरं" म्हणाले. चहा घेणार? बरं. भाजी कशी झालीय? बरं. गिरीशने स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "तू नानांना काही बोललीस का?" मी म्हटलं, "नाही." (भूगोलाच्या शिक्षिकेला इतिहास थोडा बदलता येतो.)

मला चुटपुट लागली होती, पण शर्यतीची तयारी करायची होती. मी वजनाच्या मागे लागले. फ्रेमच्या कप्प्यात ठेवलेली जास्तीची ट्यूब काढून घरी ठेवली, कारण ती जड होती. तिच्या जागी राजगिऱ्याचे दोन लाडू ठेवले. ते हलके असतात.

रविवारी सकाळी सायकल गाडीत घालून निघालो. नाना न विचारताच मागच्या सीटवर येऊन बसले. मांडीवर खाकी पिशवी होती. मला आरंभरेषेवर सोडून गिरीश आणि नाना पुढे, बांध संपतो तिथल्या मोरीपाशी जाऊन थांबणार होते.

शिट्टी वाजली. चाळीस-पन्नास सायकली सुटल्या. मीही पेडलवर पाय दाबला, आणि सायकल हललीच नाही.

गिअर सर्वांत जड होता. (आदल्या संध्याकाळी वॉचमनला माझा वेग दाखवताना मीच तिथे नेला होता.) बटण दाबलं. काही नाही. दहा वेळा दाबलं. मग खाली वाकून पाहिलं, तर मागच्या गिअरवर बॅटरी बसवतात ती जागा मोकळी होती. बॅटरी मी रात्रभर चार्ज व्हायला लावली होती आणि ती अजून तिथेच, मिक्सरच्या शेजारी, चार्ज होत होती.

गिरीशला फोन लावला. "पळत घरी जा. मिक्सरशेजारी बॅटरी आहे ती आण."

"बॅटरी," गिरीश म्हणाला. "आणतो."

मी उभं राहून, अख्खं अंग टाकून पेडल मारत निघाले. एकदा वेग आला की बरं चालायचं, पण वळण आलं की पुन्हा जिना चढायला लावल्यासारखं. वाडीतून बाहेर पडून बांधावर येईपर्यंत सगळी शर्यत दिसेनाशी झाली होती. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई चालत माझ्या बरोबरीने आली आणि पुढे गेली. पुढे गेल्यावर तिने वळून पाहिलं.

"अगो बाय, तुज्या चाकातून पांढरं पानी येतंय."

खाली पाहिलं तर पुढच्या टायरमधून औषधाची पिचकारी उडत होती. माझे पाय, सायकल, बाटली, सगळं पांढरं. कुणाच्या तरी कुंपणाची तार वाटेत पडली होती. ते भोक बुजण्यातलं नव्हतं. चाक बसलं.

"दुधाची गाडी हाय काय?" बाईने खरोखरच्या काळजीने विचारलं आणि ती आपल्या वाटेने गेली.

मी कप्पा उघडला. दोन लाडू.

गिरीश घरी गेलेला; त्याने ट्यूब आणली असती तरी ती बसवणं त्याला जमणारं नव्हतं. उरले नाना. नंबर काढला, ठेवला. एक लाडू खाल्ला. मग लावला.

"नाना, तुम्ही मोरीपाशीच आहात का?"

"हो."

"ते… चाक…"

"येतो," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

वीस मिनिटांनी ते बांधावरून येताना दिसले. पांढरा शर्ट, हातात पिशवी, गुडघा दुखत असल्यामुळे जरा तिरके. येऊन त्यांनी माझ्या पांढऱ्या अवताराकडे पाहिलं, पण हसले नाहीत. (हसले असते तर मला सोपं गेलं असतं.) ते उकिडवे बसले, बोटाने भोक चाचपलं आणि पिशवीतून लाकडी मुठीचा दाभण आणि रबराची चिकट दोरी काढली.

"हे ट्यूबलेसला चालतं?" मी विचारलं.

"स्कूटरला काय असतं मग? दुकानात शेवटची दहा वर्षं रोज हेच तर करत होतो."

दोरी दाभणात ओवून त्यांनी ती भोकात खुपसली, झटक्यात दाभण मागे घेतला, वरचं टोक ब्लेडने कापलं. दोन मिनिटं लागली. त्यांचे हात असे चालत होते की जणू दुकान कालच बंद झालं होतं.

"नाना, मी परवा जे बोलले ना—"

"पंप मार. हवा भरताना बोलू नये, दम जातो."

मी पंप मारला. हवा टिकली. तेवढ्यात गिरीश धापा टाकत आला आणि त्याने मूठ उघडली. मुठीत टीव्हीच्या रिमोटचे दोन सेल होते.

"मिक्सरशेजारी हे होते," तो म्हणाला. "तू बॅटरी म्हणालीस."

त्या बांधावर आम्ही तिघे किती वेळ हसलो, मला सांगता येणार नाही. नानांना खोकला लागेपर्यंत, एवढं नक्की.

गिअर जडच राहिला. बांधावरच्या मऊ मातीत जागेवरून सुटणं मला जमेना. तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या नानांनी माझी सीट मागून धरली.

"समोर बघ. हँडल घट्ट धरू नकोस. मी आहे."

आणि ते गुडघा सांभाळत माझ्यामागे पळाले. दहा पावलं, वीस पावलं. मग मागून आवाज आला, "सोडली." डोळ्यांत आलेलं पाणी मी वाऱ्यामुळे आलं असं ठरवून टाकलं.

मी शेवटची आले. अंतिम रेषेवरची कमान उतरवणाऱ्या मांडववाल्यांनी शिडीवरूनच टाळ्या वाजवल्या.

पण तिथे आणखी तिघांची चाकं बसलेली होती. गाडीतून पोचलेल्या नानांनी पिशवी उघडली आणि एकामागून एक तिन्ही दुरुस्त केली. पुढच्या रविवारी आमच्या बिल्डिंगखाली पाच महागड्या सायकली उभ्या होत्या, म्हणजे भिंतीला टेकवलेल्या होत्या. आता दर रविवारी हेच असतं. नाना सकाळी टीव्ही लावत नाहीत.

मीही खाली असते. मागच्या रविवारी एका तरुणाने मला विचारलं, "काकू, यंदाचं कुठलं नवं मॉडेल घ्यावं?" मला कुणीतरी विचारेल याची मी महिनोन्‌महिने वाट बघत होते. रुंद टायर, पोटातल्या वायरी, बिनवायरचे गिअर, असं मी दहा मिनिटं बोलले. तो मान डोलवत होता. शेवटी नाना वर न बघता हात पुढे करून म्हणाले, "मेधा, ते राहू दे. पाच नंबरची एलन की दे."

मी आत्मविश्वासाने चार नंबरची दिली.