बॅटरीला लावलेली उदबत्ती

वीज साठवण्याच्या प्रकल्पात मी पाळी सांभाळते असं कळलं की आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग आपल्याकडे लाइट का जातो हो?" जसं काही मी बॅटऱ्या पर्समध्ये घालून आणते. दुपारी सौरवीज नको इतकी तयार होते. ती आम्ही पांढऱ्या कंटेनरांमधल्या बॅटऱ्यांत भरून ठेवतो, आणि संध्याकाळी सगळं शहर एकदम दिवे, पंप, एसी सुरू करतं तेव्हा ग्रिडला परत देतो. कुणी किती वीज कधी द्यायची हे ठरवणारं एक केंद्र आहे. त्यांनी सात म्हटलं की सात. सव्वासात चालत नाही.

हे सगळ्यांत आधी कळलं ते प्रकल्पात साफसफाई करणाऱ्या मावशींना. कात्रजच्या पलीकडे, नुकत्याच शहरात ओढलेल्या गावातली ती जमीन मूळ त्यांच्या घरची. दिरांनी ती प्रकल्पाला दिली आणि विधवा मावशींच्या वाट्याला त्याच जमिनीवर झाडू मारायची नोकरी आली. "म्हंजी दुपारी रांधायचं आन् सांजच्याला वाढायचं," त्या म्हणाल्या होत्या. आमच्या साहेबांना हेच सांगायला दीड तास लागतो आणि तरी पाहुणे जांभया देतात.

माझ्या वडिलांचं कसबा पेठेत लहानसं लेथचं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला मशिन पुसून हळदकुंकू, झेंडूचा हार, उदबत्ती. दुसऱ्या दिवसापर्यंत मशिनला कुणी हात लावायचा नाही. प्रकल्पात मात्र ती नवमी कोरडीच जायची. त्या वर्षी मला उत्साह आला. सुरक्षेचे नियम मला तोंडपाठ होते, काडी ओढायलाही तिथे बंदी होती. पण उदबत्तीला आपण धूर समजतच नाही. निदान मी तरी समजले नाही, आणि मी इंजिनिअर आहे.

दुपारी चारच्या सुमारास माझ्या किल्लीने मी पहिल्या कंटेनरचं दार उघडलं. म्हटलं, "मावशी, जमीन तुमची, पूजा तुम्हीच करा." त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांनी फुलं वाहिली आणि विचारलं, "म्याडम, उदबत्ती आत लावू का भायेरच?"

"आतच लावा. बाहेर वाऱ्याने विझेल," मी म्हणाले आणि पेढे आणायला कंट्रोल रूममध्ये गेले.

पेढ्यांचा पुडा हातात होता तेव्हाच भोंगा वाजला. आतल्या यंत्राने धूर हेरला, आग विझवणारा वायू सोडला आणि आग लागली असं समजून अख्खा प्रकल्प ग्रिडपासून तोडला. मी धावले. मावशी खडीवर बसून खोकत होत्या, हातात काड्यापेटी तशीच. त्यांना काही झालं नव्हतं. प्रकल्प मात्र रात्रीपर्यंत सुरू झाला नाही. सात वाजता केंद्रातून फोन आला, "देताय ना?" मी "नाही" म्हटलं. कारण विचारलं तर "तांत्रिक बिघाड" म्हणाले. शहराच्या काही भागांत तासभर अंधार झाला.

तिसऱ्या दिवशी चौकशी. साहेब आणि मी खुर्चीवर, मावशी उभ्या. पाळीप्रमुखाच्या बढतीसाठी माझं नाव नुकतंच वर गेलेलं होतं. साहेबांनी आधी मला विचारलं. मी म्हणाले, "मी फक्त फुलं वाहायला सांगितलं होतं. उदबत्ती त्यांनी स्वतःच्या मनाने लावली."

वाक्य किती सहज निघालं याची मला आजही लाज वाटते.

"न्हाई सायेब," मावशी म्हणाल्या, "म्याडमनीच आत लावा म्हनलं."

साहेब हसले. "अहो मावशी, मॅडम इंजिनिअर आहेत. त्या असं सांगतील का?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरकवला. दार कुणी उघडलं, किल्ली कुणाकडे असते, हे कुणीही विचारलं नाही. त्याच आठवड्यात मावशींचा गेटपास काढून घेतला आणि पुढच्या महिन्यात मी पाळीप्रमुख झाले.

आता नव्या लोकांना सुरक्षेचं प्रशिक्षण मीच देते. साहेबांच्या आग्रहाखातर त्यात तो किस्सा असतो, अडाणी बाईने बॅटरीला उदबत्ती लावल्याचा. लोक खो खो हसतात. हसू ओसरेपर्यंत मी थांबते, मग पुढे जाते. पगार त्याचाच आहे.

परवा कात्रजच्या बसथांब्यावर मावशी दिसल्या. आता कुठल्याशा सोसायटीचे जिने पुसतात. मी स्कूटर बाजूला घेतली, शेजारी जाऊन उभी राहिले आणि इतकी वर्षं सांगायचं राहिलेलं एकदाचं बोलून टाकलं, "मावशी, खोटं मी बोलले. दार मी उघडलं होतं. आत लावा मीच म्हटलं होतं."

बस येतेय का ते बघत त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? मी तितंच व्हते. सायबास्नी सांगा."

बस आली, त्या चढून गेल्या.

साहेब अजून तेच आहेत. त्यांची केबिन माझ्या केबिनला लागून आहे, आणि दार दिवसभर उघडं असतं.